आधी दारं बघा

आईबाबांनो, रात्री आठ-साडेआठला तुमच्या घरात कोणतं वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं? माझ्या भावाच्या घरात ते होतं, "नेट स्लो आहे." त्यावरचं उत्तरही ठरलेलं, "काहून, तुझंच बरं स्लो राहते!" मग दार आपटायचं, ताटातलं वरण थंड व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला अंक.

मुलांच्या मोबाईलच्या नादाबद्दल मी आज बोलणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला या एका छोट्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. गेल्या दिवाळीत त्याचा छडा लावायला आम्ही घरची चौघं एक वही घेऊन बसलो होतो. त्या वहीत जे निघालं, ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे हितगुज.

भाऊ राहतो उकव्याला. बालाघाटहून बैहरच्या रस्त्याला लागलं, घाट चढून जंगलात शिरलं, की चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर हे गाव येतं. मॅंगनीजच्या खाणीचं गाव. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, पण खाणींनी ती हद्द फारशी मनावर घेतली नाही. १९६२ साली स्थापन झालेल्या मॉईल या मॅंगनीज कंपनीच्या खाणी आजही दोन्हीकडे आहेत, भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटात भरवेली, उकवा, तिरोडी. मुख्य कचेरी नागपुरात. त्यामुळे घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेजारी पोवारी किंवा गोंडी, याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. भाऊ खाणीत, जमिनीखाली काम करतो. मी गोंदियाला शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. भाचा अकरावीला आहे आणि रोज रात्री आठ ते साडेनऊ त्याचा ऑनलाइन क्लास असतो.

मी पोचले त्याच रात्री वहिनीनं फिर्याद मांडली. "बाई, तुम्हीच सांगा. रील लावली की धावते. क्रिकेट लावलं की धावते. क्लास लावला की मात्र अडकते. असं कसं हो नेट राहते, अभ्यासालाच स्लो?"

युक्तिवाद बिनतोड वाटतो ना? खरं सांगते, क्षणभर मलाही पटला. मग एक जुनी गोष्ट आठवली आणि मी गप्प बसले.

२०२० च्या टाळेबंदीत मी घरी बसून मोबाईलवर शिकवत होते. हजेरी घेताना नाव पुकारायचं, मुलानं 'हजर' म्हणायचं. एक मुलगी उत्तरच देईना, म्हणून मी तिला लागोपाठ तीन दिवस गैरहजर मांडलं. नंतर शाळा उघडल्यावर तिनं वही दाखवली. तिन्ही दिवसांची गणितं जशीच्या तशी उतरवलेली होती. तिला माझा आवाज पोचत होता, तिचा माझ्यापर्यंत येत नव्हता. नेटचा वेग दोन दिशांचा असतो, येण्याचा वेगळा आणि जाण्याचा वेगळा, हे मला त्या मुलीनं शिकवलं. तोवर मी ती खोटं बोलते असं धरून चालले होते.

म्हणून आधी वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो घरोघरचा आहे. रील किंवा यूट्यूबचा व्हिडिओ आधीच कुठेतरी साठवलेला असतो. आपण पहिलं मिनिट बघत असतो तेव्हा फोन पुढचा भाग ओढून ठेवतो. मधे नेट चार-पाच सेकंद अडलं तरी साठवण संपत नाही आणि आपल्याला पत्ता लागत नाही. घरातल्या रांजणासारखं आहे ते. नळ तासभर गेला तरी रांजण भरलेला असला की स्वयंपाक थांबत नाही. क्रिकेटचा सामना आपण 'लाइव्ह' म्हणतो, पण तोही मैदानापेक्षा काही सेकंद मागेच असतो, तेवढा रांजण त्यालाही मिळतो. समोरासमोरच्या क्लासला रांजण नाही. सरांनी आत्ता उच्चारलेला शब्द आत्ताच यायला हवा, मुलाचा प्रश्न आत्ताच जायला हवा. त्यामुळे तीच लाइन रील दाखवू शकते आणि क्लास तोडू शकते. मूल खरं बोलत असण्याची शक्यता तुमच्या अंदाजाहून बरीच जास्त आहे.

तरीही 'शक्यता' म्हणजे पुरावा नव्हे. गणिताच्या बाईला पुरावा लागतो. भाच्याला म्हटलं, जुनी वही आण. पहिल्या पानावर तीन रकाने आखले, वेळ, जागा, वेग. आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आधी आकडा, मग आरोप.' हा नियम सगळ्यांना लागू. आईबाबांनाही.

वेग मोजायचं काम अवघड नाही. वेग तपासणारी मोफत पानं आणि ॲप आहेत, बटण दाबलं की अर्ध्या मिनिटात येण्याचा आणि जाण्याचा आकडा मिळतो. फक्त एक गल्लत टाळा. कंपनी सांगते 'चाळीस एमबीपीएस', ते असतात मेगाबिट. फाइल उतरवताना फोन दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे चाळीसच्या लाइनवर सेकंदाला पाचच मेगाबाइट येणार आणि सहाशे मेगाबाइटच्या फाइलला दोन मिनिटं लागणारच. शेर आणि पायलीत गोंधळ करून दुकानदाराशी भांडल्यासारखं होतं ते. भावानं एकदा असंच भांडण काढलं होतं, हे त्यानं वही बघून कबूल केलं.

भाच्यानं तीन दिवस सकाळी सहाला, दुपारी तीनला आणि रात्री साडेआठला मोजलं. प्रत्येक वेळी दोन जागी. एकदा त्याच्या खोलीत फोनवर, आणि एकदा राउटरपाशी माझ्या जुन्या लॅपटॉपला थेट तार जोडून. ही तार जोडण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि सगळी मेख तिथेच आहे. तारेवर वेग पूर्ण मिळाला, तर बाहेरून घरापर्यंत नेट नीट येतंय, दोष घरात आहे. तारेवरही कमी मिळाला, तर घरातलं कितीही सामानसुमान हलवा, उपयोग नाही, कंपनीलाच बोलवायला हवं. एवढ्या एका चाचणीनं अर्धं भांडण मिटतं.

आमच्या वहीत असं आलं. तारेवर सकाळी अडतीस, दुपारी अडतीस, रात्री सदतीस. भाच्याच्या खोलीत सकाळी नऊ, दुपारी नऊ आणि रात्री? दीड.

भाऊ कामावरून परतला होता. हातपाय धुऊन त्यानं वही हातात घेतली, दोन्ही रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "मंग पंखा ठीक आहे न. कोण्यातरी जागी दार उघडं राह्यलं."

मला कळेना. त्यानं समजावून सांगितलं. जमिनीखाली हवा आपोआप पोचत नाही, मोठ्या पंख्यानं ती खेळवावी लागते. कामाच्या टोकापर्यंत ती जावी म्हणून वाटेत दारं बसवलेली असतात, पडदे लावलेले असतात. कुणी एखादं दार उघडं टाकलं की हवा जवळच्या वाटेनं परत फिरते आणि टोकाला काम करणारा घामानं भिजतो. "टोकाले हवा कमी पडली म्हणून कोणी पंखा बदलवत नाही, बाई. पहिले दारं पाहतात."

मी पस्तीस वर्षं वर्गात उदाहरणं शोधली, पण इतकं नेमकं मला सुचलं नसतं. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात वहिनी शंभर एमबीपीएसचा महागडा प्लॅन घ्यायला निघाली होती. म्हणजे मोठा पंखा! तारेवर सदतीस येत असताना खोलीत दीड पोचत असेल, तर शंभर आणून त्यातले किती पोचणार होते?

मग आम्ही दारं बघायला निघालो.

पहिलं दार लगेच सापडलं. राउटर ठेवला होता पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर. का? तर त्याचे दिवे पाहुण्यांना दिसू नयेत, घर नीटनेटकं दिसावं. वायफाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि धातूचा पत्रा त्यांना परतवून लावतो. पाण्याची टाकी त्यांना गिळते. जुन्या घराच्या दीड हात जाडीच्या भिंती त्यांना दमवतात. भाच्याची खोली कपाटापलीकडे, अशा दोन भिंती ओलांडून होती. आमच्या डोंगरातलं मॅंगनीज पोलाद बनवायला जातं, आणि तेच पोलाद कपाट होऊन पोराच्या अभ्यासाच्या आड उभं होतं, यावर भाऊ बराच वेळ हसला.

राउटर मधल्या खोलीत, डोक्याच्या उंचीच्या फळीवर, मोकळा ठेवला. कंपनीची बारीक तार तिथपर्यंत पुरेना, तेव्हा तिची ओढाताण न करता कंपनीचा फायबरचा डबा होता तिथेच राहू दिला आणि राउटरपर्यंत साधी लॅनची तार नेली. भाच्याच्या खोलीतला आकडा नवावरून सव्वीसवर गेला. खर्च आला तेवढ्या एका तारेचा.

इथे आणखी एक बारकावा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचची वेगवान, पण भिंतीपुढे हात टेकते. २.४ ची सावकाश, पण लांब जाते. राउटरच्याच खोलीतल्या टीव्हीला पाचवर ठेवा, लांबच्या खोलीला २.४ वर. टीव्हीनं वाट मोकळी केली की लांबच्याला जागा मिळते. शेजारी मायक्रोवेव्ह असेल तर राउटर त्याच्यापासून दूर न्या, तोही २.४ च्याच आसपास गुणगुणतो.

दुसरं दार बघायला थोडा धीर लागला. राउटरच्या ॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी दिसते. माणसं तीन, मी धरून चार, आणि यादीत नावं अकरा. फोन, टीव्ही, टॅब, कपाटात चार्जिंगला लावून विसरलेला एक जुना फोन आणि शेजारच्या पोरांचे दोन. वहिनी ओशाळली. "त्यायले मीच पासवर्ड देल्ला होता, परीक्षेचा फॉर्म भरायचा होता म्हणून." शेजारधर्म मोडायची गरज नाही. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड ठेवायची सोय असते. फॉर्म भरायला तो द्यावा, आणि घरचा पासवर्ड घरातच राहावा. आपल्या लाइनवरून कोण काय करतो याची जोखीम आपल्या नावावर असते, एवढं मनात असू द्या.

पासवर्ड बदलला, तरी रात्रीचा आकडा अजून पाचाच्या वर जाईना. सकाळी सव्वीस, रात्री पाच. तारेवर मात्र तेच सदतीस. म्हणजे दार घरातच, आणि ते रात्रीच उघडतं. रात्री साडेआठला असं काय होतं जे दुपारी होत नाही?

चौथ्या रात्री आम्ही एकेक फोनचं वायफाय बंद करत गेलो. आधी माझा. फरक नाही. मग वहिनीचा. फरक नाही. टीव्ही बंद. थोडासा फरक. मग अंगणातल्या खाटेवर आडव्या झालेल्या भावाच्या उशाजवळचा फोन भाच्यानं उचलला, वायफाय बंद केलं आणि आत धावत गेला. आतून ओरडला, "आत्या, पंचवीस!"

भाऊ उठून बसला. "म्या तं काहीच नाही पाहून राह्यलो. फोन पडलाच आहे नुसता."

फोन पडलाच होता, पण फोन निवांत नव्हता. भावानं नुकतंच जुन्या मेमरी कार्डातलं सगळं नव्या फोनमध्ये भरलं होतं. तो कामावरून आला, घराच्या वायफायला लागला, की फोन ते सारं इंटरनेटवरच्या साठवणीत चढवायला घ्यायचा. त्यात खाट अंगणात, राउटरपासून घरातली सगळ्यात लांबची जागा. वायफायचा एक स्वभाव असा की एका वाटेवर एका वेळी एकालाच बोलता येतं. लांबच्या, क्षीण फोनला तेच वाक्य बोलायला कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर बाकीचे ताटकळतात. सभेत एखादा वक्ता अडखळत अडखळत बोलतो आणि माईक सोडत नाही, तसं. घरचा माईक रोज रात्री भावाच्या फोनच्या हातात होता.

वहिनी भावाकडे बघत राहिली. महिनाभर बोलणी कुणी खाल्ली होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. भाच्यानं फोनवर काय चढतंय ते उघडून बघितलं. त्याच्याच शाळेच्या गॅदरिंगचे व्हिडिओ होते, तिसरीतला नाच, मिशा काढलेला तानाजी. पोरगा तेवढ्यावर हसला म्हणून निभावलं. भावानं वही मागून घेतली आणि त्या दिवसाच्या ओळीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'रात्री ८.३०. कारण: बाबाचा मोबाईल.' पुढे ठरलं की फोटो चढवायचं आपोआपचं बटण बंद, आणि क्लास संपल्यावर राउटरजवळ बसून हातानं सुरू करायचं.

पालकहो, भावाची ती एक ओळ मला सगळ्या आकड्यांहून मोलाची वाटते. मुलाला आपण रोज सांगतो, चूक झाली तर कबूल कर. कबूल कसं करतात ते त्याला घरात बघायला किती वेळा मिळतं?

तुमच्या घरातली दारं वेगळी असतील, म्हणून आणखी चार गोष्टी सांगते.

तारेवरही वेग मिळत नसेल तर आधी राउटर बंद करून मिनिटभरानं सुरू करा. तो लहानसा संगणकच आहे, दिवसेंदिवस चालून तोही थकतो. फायबरच्या डब्यावर एलओएस असं लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेरून प्रकाशच पोचत नाही. त्या तारेत काचेचा धागा असतो, कोटिंग सोडलं तर ०.१२५ मिलिमीटर जाडीचा, केसासारखा. ती खिडकीत करकचून वळवली, सोफ्याखाली दबली, उंदरानं कुरतडली की प्रकाश गळतो. आमच्याकडे पावसाळ्यात फांदी पडूनही तुटते. ती स्वतः उघडू नका आणि टोकात डोळा घालून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचं समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. तिथे 'नेट बरेच दिवस स्लो आहे' यापेक्षा तारीखवार आकड्यांची वही जास्त बोलते.

घरात लाइनच नसेल आणि बाबांच्या हॉटस्पॉटवर मूल शिकत असेल, तर हिशेब जरा वेगळा. उकव्यात म्हातारी माणसं म्हणतात, जमिनीतला मॅंगनीज नेटवर्क ओढून घेतो. दगड बिचारा निर्दोष आहे. सातपुड्याचे डोंगर टॉवर आणि घर यांच्या मधे उभे राहतात, तो खरा अडथळा. म्हणून फोन हातात धरून फिरू नका. टॉवरच्या दिशेची खिडकी शोधा, फोन तिथे उंचावर ठेवा आणि मुलाला हॉटस्पॉटवर आत बसवा. फाइव्ह-जीची खूण येते-जाते करत असेल तर फोन फोर-जीवर पक्का करून बघा. वेग कमी, पण स्थिर मिळतो, आणि क्लासला स्थिरपणाच हवा. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा कोटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्यात व्हिडिओ चालतच नाही. साफ चित्राचा तासभर व्हिडिओ पाऊण ते एक जीबी खातो. दुपारी कोटा कुणी संपवला, हा प्रश्न रात्री मुलाला विचारण्यात अर्थ नाही. टॉवरवर संध्याकाळी गर्दीही असते. धडे पहाटे उतरवून ठेवता येतात. दीक्षा ॲपवरचे पाठ फोनमध्ये साठवता येतात, एनसीईआरटीची पुस्तकंही फुकट उतरवता येतात. रांजण आपण आदल्या दिवशीच भरून ठेवायचा.

आणि एकच पान उघडत नसेल, बाकी सगळं धावत असेल, तर दोष तुमचा नाही आणि तुमच्या कंपनीचाही बहुधा नाही. निकालाच्या दिवशी लाखो लोक एकाच दारात उभे असतात. त्या दिवशी राउटर बंद-चालू करत बसण्यापेक्षा मुलाजवळ बसा. त्याच्या छातीतली धडधड राउटरनं कमी होत नाही.

किती वेग पुरे, हेही सांगते, म्हणजे मोठ्या पंख्याचा मोह होणार नाही. समोरासमोरच्या एका क्लासला एक-दीड एमबीपीएस पुरतात, मात्र ते सलग आणि दोन्ही दिशांना मिळायला हवेत. सरकारच्या व्याख्येतही ब्रॉडबँड म्हणायला २०२३ पर्यंत किमान ५१२ केबीपीएस पुरत होते, आता दोन एमबीपीएस लागतात. एका घरात दोन मुलं शिकत असतील आणि टीव्ही चालू असेल तरी चाळीस भरपूर आहेत.

हे सगळं खरं असलं तरी काही गोष्टी आपल्या हाताबाहेर असतात, तेही मुलापाशी मोकळेपणानं बोला. गावोगावच्या पंचायतींपर्यंत काचेची तार न्यायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ मध्ये तिला भारतनेट नाव मिळालं. बालाघाट वर्षानुवर्षं नक्षलग्रस्त जिल्ह्यांत मोजला गेला. अशा भागांतल्या २,३४३ टू-जी टॉवरना फोर-जी करायचा निर्णय केंद्रानं २०२२ च्या एप्रिलमध्ये घेतला. म्हणजे शहरातली मुलं फाइव्ह-जीची वाट बघत होती, तेव्हा जंगलातल्या कितीतरी गावांत अजून टू-जीच होतं. तुमचं मूल कोटा शहरातल्या किंवा पुण्यातल्या मुलाशी स्वतःची तुलना करून कष्टी होत असेल, तर ते सगळंच त्याच्या डोक्यातलं नाही. घरातला अडथळा काढायचा, बाहेरच्यासाठी अर्ज करायचा, आणि उरलेल्याला नाव द्यायचं. नाव दिलं की मूल ते स्वतःच्या नावावर जमा करत नाही.

गोंदियाला परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी भावाचा फोन आला. मला वाटलं, आभार मानायला असेल.

"बाई, नेट आता धावून राह्यलं," तो म्हणाला, "पोरगा नाही धावून राह्यला. काल क्लास सोडून मॅच पाहत होता."

मी हसले. नेट नीट केल्यानं मुलगा अभ्यासाला बसतो, असं मी कुठे म्हटलं होतं? एक निमित्त तेवढं गेलं. आता जे उरलं, ते मुलाच्या मनातलं आहे. विषय जड जातोय, की झोप पुरत नाहीये, की अकरावीला हा रस्ता त्यानं निवडलाच नव्हता?

"मंग काय करू?" भावानं विचारलं.

"खाणीत काय करता?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. पलीकडून वहिनीनं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"दारं पाहतो," तो म्हणाला.

"बघ. पण या वेळी वही नको घेऊ. चहा घेऊन बस."